ओट्याओट्याचं पाणी

निसर्गाने माणसाला पाय दिले ते केवळ सुरत शहर बघण्यासाठी, अशी पक्की समजूत असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझा थोरला मामा निघाला. ‘देवाने दिले’ असं म्हणायला मामा तयार नसायचे. आम्ही बौद्ध, त्यामुळे असली कामं देवाच्या नावावर घालायची नाहीत हा घरचा शिरस्ता. पण पाय निसर्गाने दिले, सुरतही निसर्गानेच तापीच्या काठी आणून ठेवली, तेव्हा या दोघांची गाठ घालून देणं एवढंच काम माणसाकडे उरतं, असं त्यांचं सरळ गणित होतं. या गणितात रिक्षाला जागा नव्हती. रिक्षात बसून शहर बघणं म्हणजे मुलगी बघायला जायचं आणि तिच्या बापाचा दरवाजा बघून परत यायचं, असं ते म्हणत. खानदेशातून लग्नाच्या साड्या घ्यायला म्हणून कुणी नातेवाईक सुरतेतल्या नवागामला मामांकडे उतरला की तो बिचारा दुसऱ्या दिवशी पायाला खोबरेल चोळत बसलेला दिसायचा आणि साड्या घ्यायच्या राहूनच गेलेल्या असायच्या.

मामा रेल्वेत चावीवाले होते. रूळ ज्या चाव्यांनी खालच्या आडव्या स्लीपरला धरलेले असतात त्या सैल झाल्या की हातोड्याने ठोकून घट्ट करायच्या, आणि हे करत आपल्या हद्दीतल्या रुळांवरून रोज चालत राहायचं, हे त्यांचं काम. सगळी उमेदीची वर्षं त्यात गेल्यामुळे त्यांचं पाऊल कायमचं स्लीपरच्या मापाचं झालं होतं. निवृत्तीनंतर रूळ सुटले, स्लीपर सुटले, माप मात्र अंगात राहिलं. भागळच्या बाजारातल्या गर्दीत समोरून साड्यांच्या गठ्ठ्यांची हातगाडी येवो की म्हैस येवो, मामांचं पाऊल आखूड व्हायचं नाही, लांबही व्हायचं नाही. गर्दीच त्यांच्यासाठी बाजूला व्हायची. शिवाय नजर जन्मभर खाली लागलेली. त्यामुळे जुन्या सुरतेतल्या घरांवरच्या ज्या कोरीव सज्ज्यांचे लोक फोटो काढायचे, ते सज्जे मामांनी कधी पाहिलेच नव्हते. त्यांना विचाराल तर सुरत म्हणजे ओटे, उंबरे, पायऱ्या, गटारं आणि घराबाहेर काढून ठेवलेल्या चपला. कुठल्या गल्लीत कसल्या चपला असतात यावरून ते आपण कुठल्या वस्तीत आलो ते सांगायचे आणि यात बहुतेक वेळा चुकायचे.

मी नव्वदच्या सुमाराला सुरतेजवळ पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात कारकून म्हणून लागलो आणि नवागामला मामांच्या दोन खोल्यांत राहायला आलो. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझे लाड व्हायचे. पण त्या लाडांची वसुली रविवारी होत असे. रविवारी सकाळी कारखान्याच्या रंगाने निळी झालेली नखं घासत मी मोरीपाशी बसलेला असतानाच मामा चपला घालून दारात उभे राहत. ‘चाल’ एवढंच म्हणत. मामी आतून म्हणे, पोराला आठवड्यातून एक दिवस तरी झोपू द्या. मामा म्हणत, झोप काय पलसाण्यालाही मिळते. हे खरं होतं, म्हणून मला काही बोलता येत नसे.

मग आम्ही रुळांच्या कडेकडेने उधन्यापर्यंत यायचो आणि तिथून जुन्या शहरात शिरायचो. मामा वाटेत माहिती देत. ती माहिती म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण होतं. कतारगाम दरवाजाजवळ इंग्रजांचं जुनं कबरस्तान आहे, त्यात घुमटाच्या, खांबांच्या, चांगल्या दुमजली कबरी आहेत. मामांच्या मते इंग्रज आधी मेले आणि मग बंगले बांधून राहायला लागले. ‘आपण जिवंतपणी दोन खोल्यांत राहतो आणि हे मेल्यावर एवढ्या ऐसपैस जागेत,’ असं म्हणून ते हळहळत. जवळच आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत, त्यांच्या दगडांवर त्यांच्या भाषेतली अक्षरं कोरलेली आहेत. ती अक्षरं जुन्या मोडीतली असून त्यात कापसाचा भाव लिहिलेला आहे, असं मामांनी आमच्या जळगावच्या व्याह्यांना सांगितलं होतं, आणि व्याह्यांनी ते गावी जाऊन दहा जणांना सांगितलं. मी एकदा दारावरची पाटी वाचून दाखवली आणि मामा सांगतात तसं काहीच नाही हे सिद्ध केलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं की ही पाटी लिहिणारा इथं कितीदा पाणी प्यायला आहे. मला ठाऊक नव्हतं. ‘मग,’ म्हणाले आणि राखणदाराच्या माठाकडे वळले.

हा पाण्याचा प्रश्न मामांच्या सगळ्या भटकंतीच्या मुळाशी होता. ‘ज्या गल्लीमा पानी पिधं नही, ती गल्ली देखीच नही,’ असा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांच्याबरोबर चालणाऱ्या प्रत्येकाला लागू होता. जिथं पाणी प्यायलो नाही ती गल्ली पाहिली असं म्हणायचं नाही. हॉटेलातलं पाणी चालत नसे, पाणपोईचं चालत नसे, कारण ते सगळ्यांसाठीच असतं. घरातून कुणीतरी आपल्यासाठी म्हणून आणून दिलेलं पाणी हवं. त्यासाठी मामा एखादा बरा ओटा हेरत. जुन्या सुरतेत घरापुढे दगडी ओटा असायचाच. त्याच्या कडेला टेकत, चपला काढून बाजूला ठेवत आणि आत बघून म्हणत, ‘बेन, जरा पाणी मळशे?’ मामांचं गुजराती म्हणजे शेवटी ‘छे’ लावलेली अहिराणी होती, पण एवढं एक वाक्य त्यांना अस्सल सुरती माणसासारखं यायचं. मी लाजेने समोरच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचत उभा राहायचो. धडधाकट दोन माणसं, खिशात पैसे, कोपऱ्यावर सोड्याचं दुकान, आणि हे असं दारोदार पाणी मागणं. पण खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांत कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. फार तर विचारायचे, ‘क्यांना?’ म्हणजे कुठले. मामा म्हणत, खानदेशचे. तेवढ्यावर भागायचं.

पुढे पुढे मलाही प्रत्येक वस्तीचं पाणी ओळखू यायला लागलं. नानपुऱ्यात एक म्हाताऱ्या पारशीणबाई एकट्या राहायच्या. त्यांच्या अंगणात विहीर होती आणि विहिरीच्या काठावर त्या रोज दिवा लावायच्या. ‘आव नी डीकरा, बेस,’ असं म्हणत त्या काचेच्या जाड पेल्यात पाणी द्यायच्या आणि मामा ते पिऊन होईपर्यंत पेल्याकडेच बघत राहायच्या, कारण एक पेला मागे मीच फोडला होता. गोपीपुऱ्यात जैनांच्या घरी उकळलेलं पाणी. मे महिन्याच्या दुपारी, डोकं तापलेलं असताना, ते कोमट पाणी मामा चहासारखं फुंकून प्यायचे आणि वर म्हणायचे की असं पाणी पोटाला जड नसतं. झांपा बाजाराकडे बोहऱ्यांच्या मोहल्ल्यात एक अत्तरवाले होते. त्यांनी मामांना एकदा सणाच्या दिवशी आग्रहाने जेवायला बसवलं. त्यांच्याकडे जेवणाआधी जिभेला चिमूटभर मीठ लावायची रीत आहे. मामांची समजूत अशी झाली की बोहऱ्यांकडे पाण्याच्या आधी मीठ मागावं लागतं. तेव्हापासून त्या मोहल्ल्यात कुठेही पाणी मिळालं की मामा तांब्या हातात धरून मिठासाठी थांबून राहायचे. घरातली बाई गोंधळायची, मीठ आणून द्यायची, मामा ते जिभेवर ठेवून मान डोलवायचे, आणि ती बाई दाराआडून मोठ्या मुलींना बोलावून हा प्रकार दाखवायची. मी मामांना खरं कधी सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी अगदी सुखवस्तू माणसाचा भाव असायचा.

हे सगळं खूळ आहे असं मी धरून चाललो होतो. एकदा सुट्टीत गावी गेलो तेव्हा आईला मामांच्या या मीठ-पाण्याची नक्कल करून दाखवली. आई हसली, आणि मग हसता हसता थांबली. तिने सांगितलं की लहानपणी तिला आणि मामांना गावच्या विहिरीला हात लावता येत नसे. विहीर आबांच्या मळ्यात होती. आबा म्हणजे गावचे मोठे शेतकरी, पाटलांच्या घरातले. या दोघा भावंडांनी घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून घागरीत ओतणार. आबा तेव्हा तरुण होते. ते ओतायचे कधी, कधी नाही ओतायचे. नाही ओतलं तर उन्हात उभं राहायचं. मामा एकदा तसे उभे राहून राहून घागर तिथेच टाकून गेले ते थेट सुरतेच्या गाडीत बसले. मामांनी मला यातलं अक्षरही कधी सांगितलं नव्हतं. परत आल्यावर पुढच्या रविवारी मी भिंतीवरच्या जाहिराती वाचल्या नाहीत. मामांच्या शेजारी ओट्यावर टेकलो.

मग चौऱ्याण्णव साली प्लेगची ती भीती आली. अर्धं शहर मिळेल त्या गाडीने निघून गेलं, आमच्या नवागामच्या चाळी ओस पडल्या, मामीही म्हणाली की चला गावी. मामा म्हणाले, गावी जाऊन काय करायचं, तिथं मला कोण ओळखतं. त्या रविवारी ते एकटेच तोंडाला रुमाल बांधून शहरात गेले. मी घाबरून घरातच बसलो होतो. तिसऱ्या प्रहरी परत आले, चपला काढल्या आणि मामीकडे पाणी मागितलं. रविवारी त्यांनी घरी पाणी मागायचा तो पहिलाच प्रसंग. दारोदारी कुलपं होती, नानपुऱ्याच्या बाईंनासुद्धा कुणी नातेवाईक घेऊन गेले होते. ‘आज सुरत देखी नही,’ एवढंच मामा म्हणाले आणि लवकर झोपून गेले.

भीती सरली, माणसं परतली, शहर झाडूनपुसून लख्ख झालं. पण त्याच सुमाराला रस्ते रुंद करायला म्हणून कितीतरी गल्ल्यांतले ओटे कापले गेले. रुंद रस्ते सगळ्यांना आवडले, मलाही आवडले. मामा तेवढे खट्टू झाले. ओटा गेल्यावर पाणी मागायला टेकायचं कुठे, ही त्यांची अडचण होती. भर रस्त्यात उभं राहून पाणी मागणारा भिकारी वाटतो, ओट्यावर बसून मागणारा पाहुणा वाटतो, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मामांचं हे एक म्हणणं मात्र मला कोणत्याही पाटीवरच्या मजकुराहून खरं वाटलं.

त्याच हिवाळ्यात आबा सुरतेला आले. त्यांचा मुलगा आमच्या शेजारच्या डिंडोलीला राहायचा, कापड विणायच्या लूमच्या खात्यात कामाला होता. साधा, हसरा गडी. मामांना नाना म्हणायचा, आणि त्याच्या मनात काही नसायचं. म्हातारे आबा खोलीत बसून कंटाळले, सुरत बघायची म्हणू लागले, तेव्हा तो सरळ आमच्याकडे आला. ‘नाना, सुरत दाखवावी तर तुम्हीच,’ म्हणाला. मी मामांकडे पाहिलं. मामांनी दारातल्या चपला सरळ करून ठेवल्या. मग म्हणाले, रविवारी सकाळी पाठव. त्या आठवड्यात मामा दोनदा एकटेच शहरात जाऊन आले. मागाहून कळलं की कुठले ओटे शाबूत आहेत ते बघायला गेले होते.

रविवारी सकाळी मी उठलो तेव्हा मामी मोरीपाशी बसून पितळी तांब्या चिंचेने घासत होती. तो तांब्या तिच्या लग्नातला, एरवी फळीवरून खाली न येणारा. तिने तो घासून, धुऊन, परत घासला. मामा दारात उभे होते आणि त्या तांब्याकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजच्या फेरीचा शेवटचा ओटा आपल्याच घराचा आहे. बाकीचं सगळं शहर मामा आबांना दाखवणार होते ते वाटेत लागतं म्हणून.

आबा सत्तरीच्या पुढचे, अंगाने भरलेले, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात छत्री. मला धास्ती होती की हे कुणाकडे पाणी प्यायचे नाहीत आणि मामांचा नियम पहिल्याच गल्लीत मोडेल. झालं उलटंच. पारशीणबाई परत आल्या होत्या, त्यांच्या विहिरीवरचा दिवा बघून आबांनी हात जोडले आणि पेला तोंडाला लावून घटाघट प्यायले. गोपीपुऱ्यातलं कोमट पाणी प्यायले. बोहऱ्यांच्या मोहल्ल्यात तर अत्तरवाल्यांनी तळहातावर गुलाबाचं अत्तर लावलं, आणि मामांचं बघून आबांनीही जिभेवर मीठ घेतलं. मला वाटलं होतं, इथे तरी अडेल. आबा हसून म्हणाले, शहरात सगळं चालतं, इथं कोण बघतंय. तापीच्या काठावर हिवाळ्यातला हिरव्या ज्वारीचा पोंक खाल्ला, कबरस्तानात इंग्रजांचे बंगले बघितले, मोडीतला कापसाचा भाव आबांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतला आणि आजच्या भावाशी ताडून पाहिला. मामा इतके खुलले होते की त्यांचं पाऊलसुद्धा आबांसाठी आखूड झालं. मी ते पहिल्यांदाच पाहिलं. दोन म्हातारे एकमेकांच्या पावलाने चालत होते, गावच्या जुन्या बैलांची नावं काढत होते, आणि मागून त्यांना बघताना मला खरोखर वाटलं की आज काहीतरी फिटणार.

ऊन उतरायला लागलं तसे आबा थकले. आणि मामांनी रिक्षाला हात केला. मी तोंडात बोटच घालायचा बाकी होतो. ज्या माणसाने पाय मुरगळलेल्या मेहुण्याला चौकापासून चालवत आणलं होतं तो मुकाट्याने रिक्षात बसला, आबांना नीट टेकून बसवलं, आणि रिक्षावाल्याला डिंडोली न सांगता नवागाम सांगितलं.

घरी मामीने दारात सतरंजी अंथरली होती. आबा बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीकडे बघून मान हलवली, घर चांगलं आहे म्हणाले. मामी तो तांब्या आणि त्यावर पेला घेऊन बाहेर आली, आणि वाकून त्यांच्यापुढे ठेवला. आबांनी तांब्याकडे पाहिलं. मग छातीवरून हात फिरवत म्हणाले, ‘नही माय. पोट भरी गयं. दिनभर पानीच पानी व्हयनं.’

मामी तशीच वाकलेली राहिली. मामा आबांच्या समोर बसले होते, ते लगेच म्हणाले, ‘बरोबर शे, आबा. आज पानी जास्तीच व्हयनं,’ आणि हसले. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही, इतकं ते मनापासून हसल्यासारखं होतं. जरा वेळाने आबांचा मुलगा घ्यायला आला, आणि दोघे बापलेक पायीच डिंडोलीला गेले. मामीने तांब्या उचलून फळीवर पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा आभार मानायला म्हणून आला. आबा फार खूश आहेत, म्हणाला. तुमच्या सुरतेचं कौतुक सरत नाही. आणि दमले तर इतके होते की घरात पाऊल टाकल्या टाकल्या आधी तांब्याभर पाणी प्यायले. बोलता बोलता त्याने ते सांगितलं, आणि गेला. मामी भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, ‘पोट भरेल व्हतं, तं घर जाईसन तांब्याभर कसं काय पिधं?’ मामा म्हणाले की नवागामहून डिंडोलीपर्यंत चालत जायचं म्हणजे तहान लागणारच. मामी म्हणाली, एवढ्याशा वाटेने? मामा म्हणाले, सत्तरीच्या माणसाला ती वाट एवढीशी नसते.

हा वाद मग त्या घरात कायमचा राहायला आला. मामी अधूनमधून, भाजी निवडता निवडता, आबांचं पोट काढायची. मामा दर वेळी तितक्याच नेटाने त्या पोटाची बाजू घ्यायचे. पारशीणबाईंकडे दोन पेले झाले होते, अत्तरवाल्यांकडे मिठामुळे जास्त प्यायले, कबरस्तानात राखणदाराने आग्रह केला, असा सगळा हिशेब ते मांडायचे. कधी कधी त्यात न प्यायलेले पेलेही घालायचे. ‘त्यांचं पोट खरंच भरलं होतं,’ असं म्हणायचे, ‘चूक माझी. शेवटी घर ठेवायला नको होतं.’ आणि त्यांनी ती चूक दुरुस्तही केली. तेव्हापासून मामांची सुरत घरातूनच सुरू व्हायला लागली. कुणीही बरोबर यायचं म्हटलं की आधी सतरंजीवर बसायचं, आमच्या घरचं पेलाभर पाणी पूर्ण प्यायचं, आणि मगच चपला घालायच्या. पहिलं पाणी घरचं. पुढे पुढे तर फेरीला यायची अटही उरली नाही. दूधवाला, विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस, कारखान्यातले माझे साहेब, जो दारात येईल त्याला मामा आधी पाणी पाजायचे, नको म्हटलं तर घोटभर तरी म्हणायचे. साहेब मला म्हणाले, तुझे मामा फार अगत्यशील आहेत. मी हो म्हणालो.

मामा गेले ते दशक संपता संपता, हिवाळ्यातच. आदल्या रविवारी नानपुऱ्यापर्यंत चालून आले होते. पाय शेवटपर्यंत शाबूत होते, छातीने दगा दिला. घरात माणसं येत होती, बसत होती, उठत होती. आमच्या भागात दुःखाच्या घरी कुणी काही मागत नाही. आलेला माणूस चार शब्द बोलतो आणि तोंडाला काही न लावता निघतो. मामी भिंतीला टेकून बसली होती. मामा जाऊन तीन-चार दिवस झाले होते.

त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत दारात रिक्षा थांबली आणि मुलाच्या खांद्याला धरून आबा उतरले. फार खंगले होते, धोतर अंगावर मोठं झालं होतं. आत येऊन त्याच जागी बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ मामांच्या फोटोकडे बघत राहिले. मला वाटलं आता ते गावाकडची एखादी आठवण सांगतील आणि उठतील. त्यांनी मामीकडे वळून म्हटलं, ‘माय, पानी दे माले.’

त्यांचा मुलगा दचकला. अशा घरी पाणी मागतात का, असं काहीतरी तो हळू आवाजात म्हणाला. आबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मामी उठली. मी उठू लागलो तर तिने हाताने मला खाली बसवलं. फळीवर पालथा घातलेला पितळी तांब्या तिने काढला, धुतला, भरला, आणि पेल्यासकट आणून त्यांच्यापुढे ठेवला, तसाच वाकून. आबा जरा पुढे सरकले. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि सावकाश, सगळा प्यायला. मग दुसरा भरून घेतला आणि तोही प्यायला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं, ते त्यांनी पुसलं नाही. मला त्या क्षणी मामांची इतकी आठवण झाली की समोरचं दिसेनासं झालं. हा पेला बघायला ते चार दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं.

पेला खाली ठेवून आबा म्हणाले, ‘त्या दिन मन्हं पोट भरेल नव्हतं, माय.’

एवढी वर्षं मामी हेच तर म्हणत आली होती. भाकरी थापताना, भाजी निवडताना, मामांशी भांडताना. आता खुद्द आबा तिच्या बाजूने साक्ष द्यायला आले होते. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती पदराने तांब्यावरचं पाणी टिपत होती.

‘भरेल व्हतं, आबा,’ ती मामांच्या फोटोकडे बघून म्हणाली. ‘यास्नी माले सांगेल शे.’

आणि रिकामा पेला घेऊन ती आत गेली.